आश्रय, आसरा, शरण, निवारा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुद्रितशोधनाच्या आणि भाषांतराच्या कामात 'आश्रय'च्या भाऊबंदांवरून जितकी गल्लत होते तितकी क्वचितच दुसऱ्या शब्दगटावरून होत असेल. विद्यार्थी, पत्रकार, संस्थांचे माहितीपत्रक लिहिणारे आणि कधीकधी घरचेही हेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत.

आश्रय, आसरा, निवारा, थारा: सगळ्यांचा अर्थ एकच ना?

शब्दकोशात एकच दिसतो, बोलताना मात्र नाही. शब्द बोलून बघायचा आणि समोर कोण उभं राहतं ते पाहायचं.

'निवारा' म्हटलं की डोळ्यांपुढे छप्पर येतं, माणूस येत नाही. निवारणे म्हणजे अडवणे, दूर ठेवणे. ऊन, पाऊस, थंडी अडवते ती वस्तू म्हणजे निवारा. म्हणूनच 'अन्न, वस्त्र, निवारा' या तिकडीत तो चपखल बसतो. गावाच्या फाट्यावर पत्र्याची शेड असते, तिच्या कपाळावर 'प्रवासी निवारा', खाली आमदार निधीचं वर्ष आणि त्याखाली तीन-चार पुढाऱ्यांची नावं. तिथे 'प्रवासी आश्रय' असं कोणी रंगवत नाही, कारण शेड कुणाला आश्रय देत नसते. ती नुसती उभी असते.

'आश्रय' आला की देणारा आलाच: राजा, संस्था, नातेवाईक, देश, कुणीतरी. मूळ धातू 'श्रि', म्हणजे टेकणे, अवलंबून राहणे. वेल मांडवाच्या आश्रयाने चढते.

'आसरा' त्याहून घरगुती. त्यात देणाऱ्याचा मोठेपणा नसतो, घेणाऱ्याची निकड असते. 'रात्रीपुरता आसरा दिला' यात दोघंही साधी माणसं वाटतात.

'थारा' बहुतेकदा नकारातच सापडतो. कुणी थारा दिला नाही, मनाला थारा नाही, अफवांना थारा देऊ नका. 'त्यांनी मला उदारपणे थारा दिला' हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे, पण कानाला खटकतं. शब्दाला नकाराची सवय लागली की ती मोडत नाही.

'आसरा' हा 'आश्रय'चाच अपभ्रंश का? मग विहिरीवरच्या 'साती आसरा' कोण?

पहिला भाग बरोबर. संस्कृत 'आश्रय' प्राकृतातून घासत घासत मराठीत 'आसरा' झाला.

साती आसरांचा मात्र याच्याशी काडीचा संबंध नाही. नदीकाठी, विहिरीच्या कडेला, डोहापाशी शेंदूर लावलेले सात दगड असतात. त्या सात जलदेवतांचं नाव 'अप्सरा' या शब्दातून आलं आहे. वाटा वेगळ्या आणि मुक्काम एकच, असं शब्दांचं होतं कधीकधी. गंमत अशी की जुन्या बायका या आसरांना फार भितात. पोर पाण्याकडे गेलं की 'आसरा ओढून नेतील' असं सांगतात. एक आसरा जीव वाचवणारा, दुसऱ्या जीव नेणाऱ्या. लिहिताना संदर्भ स्पष्ट ठेवा. 'आसरांच्या दगडाशी आसरा घेतला' असं वाक्य मी एकदा तपासताना वाचलं आणि लेखकाला मुद्दाम तसंच ठेवायला सांगितलं.

'शरण' म्हणजे आसरा की पराभव?

सगळ्यांत घोटाळ्याचा शब्द हाच.

संस्कृतात 'शरण' म्हणजे रक्षण आणि रक्षणाची जागा. त्याचा एक सरळ अर्थ 'घर' असाही आहे. मराठीत येताना शब्द वाकला. आपण 'शरण' एकटं फारसं वापरत नाही, त्याला 'जाणे' किंवा 'येणे' जोडतो, आणि जोडलं की मान खाली जाते. 'शत्रू शरण आला' म्हणजे हरला. गडचिरोलीच्या बातमीत 'नक्षलवादी पोलिसांना शरण' असतं, त्यात कुणी आसरा मागितलेला नसतो, शस्त्र खाली ठेवलेलं असतं.

१९७१ सालची वर्तमानपत्रं चाळली तर ही फाटाफूट एका वर्षात दिसते. पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी लोक भारतात आले, ते 'शरणार्थी'. त्यांच्यासाठी टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे आणि त्यावर 'शरणार्थी सहायता' छापलेलं असे. मग १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने हत्यारं ठेवली, ती 'शरणागती'. शब्दाचं मूळ एकच. एका बाजूला पोरंबाळं घेऊन आलेली माणसं, दुसऱ्या बाजूला हरलेलं सैन्य.

म्हणून भाषांतर करताना सावध राहा. 'त्याने शेजारच्या देशात शरण घेतली' हे हिंदी वळण आहे. मराठीत तो देश सोडून 'आश्रयाला गेला' किंवा त्याने तिथे 'आश्रय घेतला'.

आपल्या इतिहासात याचा नेमका नमुना आहे. औरंगजेबाचा मुलगा अकबर बापाविरुद्ध बंड करून, दुर्गादास राठोडांसोबत १६८१ साली संभाजी महाराजांकडे आला. सुधागडाच्या पायथ्याशी, पालीजवळच्या धोंडसे गावी त्याची राहण्याची सोय झाली. पुढे १६८७ मध्ये तो इराणकडे निघून गेला. या सगळ्याला 'अकबर संभाजी महाराजांना शरण आला' असं कुणी लिहिलं तर अर्थाचा अनर्थ. तो आश्रयाला आला होता, शहजादा म्हणून आणि मोठ्या महत्त्वाकांक्षा बाळगून. दोनच वर्षांनी, १६८९ मध्ये, पाळी आपली आली. राजाराम महाराज जिंजीच्या वाटेवर असताना केळदीच्या राणी चेन्नम्मांनी त्यांना आश्रय दिला आणि त्यापायी मुघलांचा रोष ओढवून घेतला. आश्रय देणाऱ्याला किंमत मोजावी लागते. 'शरण' या शब्दात ती किंमत येणारा मोजतो. फरक लक्षात ठेवायला ही खूण पुरेशी आहे.

मग 'बुद्धं सरणं गच्छामि'चं काय? बौद्ध माणूस बुद्धापुढे हार मानतो का?

नाही. इथे शब्द पाली भाषेतला आहे, 'सरण', आणि तो जुना, घर-आसरा असा अर्थ जपून आहे. मराठीतली झुकलेली मान त्याच्यावर लादू नये.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भिक्खू चंद्रमणी यांच्याकडून त्रिशरण आणि पंचशील घेतलं, आणि मग जमलेल्या लाखोंना स्वतः बावीस प्रतिज्ञांसह दीक्षा दिली. त्यातली एकही प्रतिज्ञा 'मला वाचव' म्हणत नाही. 'मी मानणार नाही', 'मी करणार नाही', 'मी पालन करीन' अशीच भाषा आहे. बुद्ध, धम्म, संघ ही टेकायची जागा आहे, पाया पडून सुटका मागायची नव्हे. खुद्द बुद्धवचनात 'अत्तसरणा' असा शब्द येतो: स्वतःच स्वतःचा आसरा व्हा. मराठीत 'स्वतःला शरण जा' म्हटलं तर हसं होईल. पालीत ते धर्माचं सार आहे. लिहिताना 'बुद्धाला शरण जातो' हे रूढ भाषांतर चालतं, मीही तेच ठेवतो, पण तळटीप जोडायची सोय असेल तर जोडावी.

वारकरी 'शरण' म्हणतो तेव्हा पुन्हा वेगळं. तिथे मान खरंच झुकलेली असते, पण लाजेने नाही.

सोलापूरकडचे काही लोक भेटल्यावर 'शरणु शरणार्थी' म्हणतात. ते निर्वासित आहेत का?

हा प्रश्न मला पुण्यातल्या एका मुलाने अगदी गंभीरपणे विचारला होता. तो होस्टेलमधल्या नव्या मित्राबद्दल काळजीत होता.

लिंगायत समाजातला हा नमस्कार आहे, कन्नडमधून आलेला. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जमलेल्या भक्तांना 'शरण' म्हणत. 'शिवशरण' हे आडनाव तुम्ही ऐकलं असेलच. एका शरणाने दुसऱ्याला केलेलं वंदन म्हणजे 'शरणु शरणार्थी'. उत्तरादाखल तेच म्हणावं.

निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, स्थलांतरित: कुठे कोणता?

'निर्वासित' मागे पाहतो. निर् आणि वास: ज्याची वस्ती उठवली गेली, ज्याला बाहेर काढलं. 'शरणार्थी' पुढे पाहतो: जो काही मागायला आला आहे. माणूस तोच, पण एका शब्दात त्याच्यावर झालेला अन्याय आहे, दुसऱ्यात त्याची याचना. मराठीने फाळणीनंतर 'निर्वासित' हा शब्द घट्ट धरला, आणि मला तो निवडीचा प्रश्न आला तर नेहमी जवळचा वाटतो. 'शरणार्थी' चूक नाही, पण त्याला हिंदी बातम्यांचा वास येतो.

'विस्थापित' देशाच्या सीमेआतही होतो. धरणात गाव गेलं की माणूस निर्वासित होत नाही, विस्थापित होतो. सरकारी दाखल्यावर तो 'प्रकल्पग्रस्त' असतो आणि गावात 'धरणग्रस्त'. कोयनेच्या माणसाला तर दोन दोन 'ग्रस्त' चिकटले. आधी धरणग्रस्त, मग ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे भूकंपग्रस्त. राजकारण्यांनी 'विस्थापित'चा वेगळाच उपयोग काढला आहे. 'प्रस्थापित विरुद्ध विस्थापित' म्हणत जो निवडणूक लढवतो त्याचं घर सहसा शाबूत असतं.

'स्थलांतरित' सर्वांत कोरडा. पक्षीही स्थलांतरित असतात. ऊसतोडीला गेलेलं कुटुंब सहा महिने पाचटाच्या कोपीत काढतं, तेही कागदावर स्थलांतरितच.

आणि एक विनंती: टंकलेखन दोनदा तपासा. एका माहितीपत्रकात 'निर्वासित महिलांसाठी' ऐवजी 'निर्वाचित महिलांसाठी' छापून गेलं होतं आणि शोधन माझंच होतं. निवडून आलेल्या बायकांना ब्लँकेटं वाटली गेली असा त्याचा अर्थ झाला.

भारतात 'निर्वासित' हा कायदेशीर दर्जा आहे का?

निर्वासितांविषयीचा १९५१चा आंतरराष्ट्रीय करार आणि १९६७चा त्याचा पूरक करार (प्रोटोकॉल), दोन्हींवर भारताची सही नाही. निर्वासितांसाठी वेगळा सर्वसमावेशक कायदाही नाही. गटागटाप्रमाणे सरकार धोरण ठरवत आलं आहे. १९५९ नंतर आलेल्या तिबेटी लोकांना वसाहती दिल्या, त्यातली एक आपल्या गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. फाळणीतून आलेल्यांसाठी १९५४ साली भरपाई आणि पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा झाला, पण त्याच्या नावातला इंग्रजी शब्द 'विस्थापित व्यक्ती' असा अर्थ देणारा होता. कारण ही माणसं परकी नव्हती, नागरिकच होती. मराठी माणूस ज्यांना निर्वासित म्हणत होता त्यांना कायदा विस्थापित म्हणत होता. इथे कायद्याचा शब्द अधिक नेमका होता हे मान्य केलं पाहिजे.

माणूस निर्वासित कधीपर्यंत असतो?

याला कोशात उत्तर नाही. नकाशावर आहे.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावण्या रिकाम्या पडल्या होत्या. सिंधमधून आलेल्या लोकांना त्या बराकींत ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हास नदीवरून 'उल्हासनगर' असं नाव मिळालं. आज तिथे कुणाला निर्वासित म्हणाल तर तो तुम्हाला वेड्यात काढेल. पण रिक्षात बसून पत्ता सांगा: 'कॅम्प नंबर चार'. दुकानांच्या पाट्यांवरही 'बरॅक नंबर' सापडतो. माणसांचा शिक्का पुसला गेला, पत्त्याचा राहिला.

कोल्हापूरजवळ वळिवड्याची गोष्ट तर एकावर एक दोन थरांची. सोव्हिएत सत्तेने पोलंडमधून सैबेरिया आणि मध्य आशियात हाकललेली माणसं, बहुतेक बायका आणि मुलं, इराणमार्गे इथवर पोहोचली. १९४३ ते १९४८ या काळात सुमारे पाच हजार पोलिश लोक वळिवड्याच्या छावणीत राहिले. ते गेले आणि त्याच जागेत सिंधी कुटुंबं आली. आज ते गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आसपासच्या जिल्ह्यांतून लोक तिथे जातात. साडीचा भाव करताना आपण दोन निर्वासित छावण्यांच्या जागेवर उभे आहोत हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

आणि काहींना हा शब्द लागलाच नाही. बेने इस्राएल लोकांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटून लागले. कोकणाने त्यांना नाव दिलं 'शनिवार तेली', कारण तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद. कुठून आले यापेक्षा शनिवारी तेल मिळत नाही हे गावाला महत्त्वाचं वाटलं.

'राजाश्रय' आणि 'उदार आश्रयदाते' यांत आश्रय कसला? कुणी संकटात तर नसतं.

कलावंत नेहमीच संकटात असतो, असं एक उत्तर आहे.

खरं उत्तर: इथे आश्रय म्हणजे पोषण. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर'चा खेळ केला तो चिंतामणराव पटवर्धनांच्या राजाश्रयाने. कोल्हापुरात शाहू महाराजांनी मल्लांना आणि अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयांना आश्रय दिला. संस्थानं गेल्यावर त्याच्या जोडीला 'लोकाश्रय' हा शब्द आला, आणि तिकीट काढणारा प्रेक्षक 'मायबाप' झाला. दिवाळीत दुकानदार 'आमचे ग्राहक, हितचिंतक व आश्रयदाते' यांना शुभेच्छा देतो, तेव्हा तुम्ही दोन किलो रवा नेऊन त्याचे राजे झालेले असता.

'आश्रित' शब्द वापरला तर राग येतो का?

येतो. 'आश्रयदाता' मानाचा, 'आश्रित' बोचरा. 'मी काय तुमच्याकडे आश्रितासारखी राहू?' हे वाक्य किती घरांत म्हटलं गेलं असेल. संस्थेच्या अहवालात राहणाऱ्यांना 'आश्रित' लिहू नका, 'निवासी' लिहा. जुन्या काळी 'पदरी असणे' होतं, त्यात मात्र मान होता. सरदाराच्या पदरी असलेला शिलेदार स्वतःला आश्रित समजत नसे.

'आश्रम' हा 'आश्रय'पासून आला ना?

नाही. आश्रमात 'श्रम' आहे. अनाथाश्रम, वृद्धाश्रम या शब्दांमुळे तसा समज होतो.

'अभयारण्य' आणि 'राष्ट्रीय उद्यान' एकच का?

दोन्ही १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, पण उद्यानाचे निर्बंध जास्त कडक असतात. शब्द म्हणून 'अभयारण्य' फार देखणा आहे: जिथे भय नाही ते रान. राधानगरीचं अभयारण्य १९५८चं, गव्यांसाठी प्रसिद्ध. कायद्याच्याही आधीची आपली अभयारण्यं म्हणजे देवराया. तिथे कुऱ्हाड चालत नाही कारण देव रागावतो. वनरक्षकापेक्षा ही धास्ती जास्त टिकली.

गुन्हेगाराला आसरा देणं आणि 'पाठीशी घालणं' यात फरक काय?

आसरा म्हणजे घरात लपवणं, तो गुन्हा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम २१२ मध्ये तो होता, नव्या न्याय संहितेतही आहे. पती किंवा पत्नीने आसरा दिला तर मात्र हे कलम लागत नाही, एवढं कायद्यालाही कळतं. पाठीशी घालायला घर लागत नाही, खुर्ची लागते.

'आडोसा' आणि 'वळचण' आता कोण वापरतं?

कोकणात एक पावसाळा काढा, मग हा प्रश्न पडणार नाही. आडोसा वाऱ्यापासून किंवा नजरेपासून. वळचण म्हणजे छपराच्या कडेखालची दीड-दोन हाताची जागा, जिथे पागोळ्या गळतात. तिथे उभा राहिलेला माणूस ना घरात असतो ना पावसात. पाठ भिंतीला, चपला भिजतात, आणि आतून कुणी 'आत या' म्हणेल का याकडे अर्धा कान. 'सत्तेच्या वळचणीला गेला' असं पुढाऱ्याबद्दल लिहितात ते यामुळेच इतकं झोंबतं.

समुद्रावर मात्र वळचण नसते. वादळाचा बावटा लागला की परराज्यांतल्या नौकाही देवगड बंदरात 'आश्रयाला' येतात. बातमीत हाच शब्द असतो, आणि तो अगदी योग्य आहे.

आमच्या इमारतीत 'रेफ्यूज एरिया' आहे. मराठी पाटी काय लावू?

'आपत्कालीन आश्रय जागा' लावा. 'निर्वासित क्षेत्र' नको, हे मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. आणि पाटी लावण्याआधी तिथले जुने सोफे आणि कुंड्या हलवा. आग लागली तर माणसांनी उभं राहायची ती जागा आहे.

'आसर्‍याला', 'आसर्याला', 'आसऱ्याला': बरोबर काय?

'आसऱ्याला'. र्‍या आणि ऱ्या यांतला फरक संगणकाचा आहे, डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. 'आसर्याला' मात्र चूक, त्याचा उच्चार 'सूर्याला'सारखा होतो.

आश्रय मागायचा झाला तर मराठीत काय म्हणतात?

एवढे शब्द सांगितले, पण दारात उभा राहिलेला माणूस यातला एकही वापरत नाही. 'मला आश्रय द्या' फक्त नाटकात. माझ्या आजोळी सोलापूर जिल्ह्यात ओसरी रस्त्याला लागून होती आणि पंढरीच्या वाटेवरचं कुणी ना कुणी संध्याकाळी थांबायचं. 'भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी' ही म्हण आजोबांना पाठ होती, तरी ओसरी झाडलेली असायची. येणारा पडशी खाली न ठेवताच विचारायचा, 'रातच्याला टेकायला जागा मिळंल का, माउली?' आजी हो किंवा नाही असं उत्तर कधी द्यायची नाही. तांब्या पुढे करायची आणि विचारायची, 'जेवलासा का?'